दिवसा ‘फुल्ल’, रात्री नऊला अंधार: सोलरची बॅटरी बॅकअप देत नसेल तर काय तपासायचं

आधी लक्षणं. यातली दोन-तीन जुळत असतील तर पुढचं सगळं तुमच्याच घराबद्दल आहे असं समजा.

- दुपारी एक-दीडलाच इन्व्हर्टरवर ‘फुल्ल’चा दिवा लागतो, पण लाइट गेल्यावर दोन-तीन तासांत टूं-टूं सुरू होते.
- पहिल्या वर्षी रात्रभर पंखा चालायचा, आता मध्यरात्रीच थांबतो.
- रात्री पार बसलेली बॅटरी सकाळच्या कोवळ्या उन्हात तासा-दीड तासात पुन्हा ‘फुल्ल’ दाखवते.
- एका बॅटरीतलं पाणी सारखं कमी होतं, शेजारचीला महिनोन्‌महिने लागत नाही.
- पावसाळ्यात घसरलेला बॅकअप दिवाळी झाली तरी वर आला नाही.
- नवीन बॅटरी टाकली, वर्षाच्या आत पुन्हा तेच.

तिसरं लक्षण लोकांना चांगलं वाटतं. ‘बघा, किती पटकन चार्ज होते!’ म्हणतात. रांजणात गाळ साचला की दोन कळशांतच पाणी काठाशी येतं, तसं आहे ते. बॅटरी लवकर भरत नाहीये, तिच्यात जागाच कमी उरली आहे.

मी दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात सोलरची कामं करतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथले खांब आडवे झाले, कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्यानंतर ज्याला परवडलं त्याने छपरावर दोन पॅनेल आणि पडवीत दोन बॅटऱ्या बसवल्या. आता त्या एकेक करून बसतायत आणि फोन येतात. वाक्य ठरलेलं असतं: ‘दादा, बॅटरी गेली वाटतं, नवीन केवढ्याला पडेल?’ मी आधी विचारतो, जुनी कशाने गेली ते कळलं का? बहुतेक घरांत बॅटरी वयाने गेलेली नसते. ती महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेली असते, आणि त्याच काळात छपरावरची दुपारची वीज फुकट जात असते. कारण शोधलं नाही तर नवीन जोडीही त्याच वाटेने जाते.

खालचे आकडे २४ व्होल्टच्या सिस्टीमचे आहेत: १२ व्होल्ट १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) दोन ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या आणि छपरावर साधारण साडेसहाशे वॅट. तुमची १२ व्होल्टची असेल तर व्होल्टेज निम्मं धरा. लिथियमवाल्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे. आणि ज्यांच्याकडे बॅटरीच नाही, महावितरणच्या नेट मीटरवर ऑन-ग्रिड सिस्टीम आहे, त्यांच्याकडे ऊन असूनही लाइट गेल्यावर घर बंद पडतं. तो बिघाड नाही. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छपरावरून उलटी वीज जाऊ नये म्हणून तो इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो.

बॅटरीला हात लावण्याआधी हातातली अंगठी, कडं, धातूचा पट्टा काढून ठेवा आणि डोळ्यांवर साधा का होईना चष्मा लावा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. एका घरी बॅटऱ्या देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात होत्या आणि वर नंदादीप अखंड. त्या दिवशी दुरुस्ती बाजूला ठेवून आधी बॅटऱ्या पडवीत आणल्या. तुमच्याकडे तसं असेल तर पुढचं वाचायच्या आधी ते करा.

१. रात्रीचा हिशेब (खर्च: कागद आणि पेन)

दोन बॅटऱ्यांत मिळून २४ गुणिले १५०, म्हणजे ३६०० वॅट-तास, ३.६ युनिट असतात. पण ट्यूब्युलर बॅटरी रोज निम्म्याच्या खाली नेऊ नये, तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणून हातात १.८ युनिट. इन्व्हर्टरमधली तूट वजा करा, घराला मिळतं साधारण दीड युनिट.

आता खर्च. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो. दोन पंखे नऊ तास चालले की १.३५ युनिट गेले, झाली बॅटरी. त्यात इन्व्हर्टर स्वतःही खातो. ट्रान्सफॉर्मरवाला साधा इन्व्हर्टर नुसता चालू असला, घरात एकही दिवा लागलेला नसला, तरी २५ ते ४० वॅट घेत राहतो. बारा तासांत तीन ते पाच दशांश युनिट त्याचंच.

ही तपासणी पहिली ठेवली कारण मला दर चार-पाच घरांत एक असं सापडतं जिथे बॅटरीला काहीच झालेलं नसतं. मुलगा मुंबईहून आला, त्याने वायफाय आणि मोठा टीव्ही बसवला, फ्रिजची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डात गेली. फ्रिज रोज एखादा युनिट घेतो. तो काढा, दोन पंखे बीएलडीसी करा, जे तीस-पस्तीस वॅटमध्ये फिरतात. नवीन बॅटरीच्या किमतीपेक्षा हे कितीतरी स्वस्त.

२. बॅटरी भरतंय कोण, ऊन की महावितरण?

हे फक्त सेटिंग बघायचं आहे, तरी इथेच सर्वांत जास्त वीज वाया गेलेली मी पाहिली आहे. सोलर इन्व्हर्टरला बॅटरी भरायच्या दोन वाटा असतात: पॅनेल आणि लाइन. कंपनीगणिक नावं वेगळी असतात, पण कुठेतरी सोलरला प्राधान्य की ग्रिडला, म्हणजे लाइनला, असा पर्याय असतो. तो ग्रिडवर राहिला असेल तर पहाटे लाइट आली की बॅटरी लाइनवरून भरायला लागते आणि नऊ-दहापर्यंत भरूनही जाते. मग ऊन वर येतं, आणि पॅनेलला काम नसतं.

उरलेली वीज कुठे जाते, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. ती कुठेच जात नाही, ती तयारच होत नाही. बॅटरी भरलेली आणि घरात लोड नाही, म्हटल्यावर कंट्रोलर, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्जिंग सांभाळणारा भाग, पॅनेलकडून करंट घेणं थांबवतो. ऑन-ग्रिडसारखी ती लाइनला देता येत नाही. म्हणून बॅटरी उन्हासाठी रिकामी ठेवायची, हेच साठवणुकीचं खरं गणित.

ऑक्टोबर ते मे सोलरला प्राधान्य द्या आणि लाइनवरून चार्जिंग बंद ठेवा. जून ते सप्टेंबर मात्र ते चालू करा. कोकणातल्या जुलैत चार-चार दिवस ऊन नसतं, आणि त्या दिवसांत बॅटरी अर्धवट पडून राहण्यापेक्षा लाइनने भरलेली बरी. पावसाळ्यानंतर न सुधारणाऱ्या बॅटऱ्यांत हेच झालेलं असतं.

३. सावली. दुपारची सावली जास्त वाईट

छपराकडे तीनदा बघायचं: सकाळी दहा, दुपारी बारा, आणि तीन. धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा सगळ्यांना दिसते, ती पहाटे पॅनेल गार असताना साध्या पाण्याने धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. सावली मात्र नजरेतून सुटते. पॅनेल बसवलं तेव्हा माड छपराएवढा होता, आता तो दोन हात वर गेला आहे. पॅनेलचा सावलीतला भाग बाजूला काढणारे बायपास डायोड साधारणपणे तीन असतात, त्यामुळे एका झावळीची पट्टी खालच्या ओळीवर आडवी पडली तर नुकसान त्या पट्टीपुरतं राहत नाही, पॅनेलचा मोठा हिस्सा गळून पडतो.

आता दुपारची सावली जास्त वाईट का, ते नीट समजून घ्या, कारण पुढचं बरंच त्यावर उभं आहे. लेड-ॲसिड बॅटरी पहिले ऐंशी टक्के भराभर घेते. त्यानंतर व्होल्टेज २८.८ च्या आसपास धरून ठेवावं लागतं आणि करंट हळूहळू कमी होत जातो. शेवटच्या वीस टक्क्यांना तीन-चार तास लागतात. त्या तासांत घाई चालत नाही. रोज दीडला माडाची सावली आली, तर ऐंशी टक्के दररोज भरतात आणि वरचे वीस कधीच नाहीत. जे भरत नाही त्या भागात शिशाचं सल्फेट प्लेटांवर घट्ट होत जातं आणि मग ते सहज सुटत नाही. आमच्याकडे ‘सल्फेशन’ म्हणतात ते हेच. दिवा ‘फुल्ल’ दाखवतो, कारण दिव्याला फक्त व्होल्टेज कळतं.

यातच एक चूक घरोघर होते. दुपारी दोनला ‘सोलर फुल्ल आहे’ म्हणून पंप लावतात. पंप त्या शेवटच्या तासांचा करंट ओढून घेतो. पंप जरूर लावा, पण बॅटरी २८.८ ला पोचून चार्जिंग करंट चार अँपिअरच्या खाली आल्यावर. बऱ्याच इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर हा आकडा दिसतो. त्यानंतर जे ऊन उरतं ते खरं जादाचं: पंप, मिक्सर, इस्त्री, काय हवं ते करा.

टाकी भरणं हीसुद्धा साठवणूकच आहे, फक्त तिचं माप ओळखून असा. हजार लिटर पाणी दहा मीटर वर चढवलं तर त्यात ०.०२७ युनिट साठतो, एक छोटा दिवा तीन तास लावण्याएवढा. घाटघरच्या उदंचन (पाणी वर चढवून वीज साठवायच्या) प्रकल्पात हेच तत्त्व २५० मेगावॉटला वापरतात, पण तिथे अख्खा सह्याद्रीचा कडा आणि वर-खाली दोन जलाशय आहेत. आपल्या टाकीचा फायदा वेगळा आहे: अर्ध्या एचपीचा पंप संध्याकाळी बॅटरीवर चालवावा लागत नाही.

४. पाणी आणि टर्मिनल (खर्च: शे-दोनशे रुपये)

झाकणं उघडून सहाही सेलमध्ये, म्हणजे बॅटरीच्या कप्प्यांत, टॉर्चने बघा. मोबाइलचा चालेल, लायटर किंवा काडी अजिबात नाही. वरच्या लाल-हिरव्या फ्लोटवर विसंबू नका, तो अडकून बसतो. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच पाणी आधी घाला, बॅटरी पूर्ण चार्ज होऊ द्या, आणि मग खुणेपर्यंत भरा. चार्जिंगमध्ये पाणी फुगून वर येतं, आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर सांडतं.

पाणी फक्त डिस्टिल्ड. एसीच्या नळीतलं, आरओचं, पागोळ्यांचं, विहिरीचं, कुठलंच नाही. त्यातले क्षार आणि धातू प्लेटांवर जाऊन बसतात आणि बॅटरी आतल्या आत स्वतःच रिकामी होत राहते. आणि ॲसिड तर कधीच घालू नका. ‘ॲसिड कमी झालंय’ म्हणून बाटली ओतणारे भेटतात. बॅटरीतून पाणी उडतं, ॲसिड आतच असतं.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असेल तर इन्व्हर्टर बंद करून आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह काढा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, झाकणं बंद ठेवूनच, सोड्याचं पाणी सेलमध्ये जाता कामा नये. कोरडं करून घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात हे काम दर दोन-तीन महिन्यांनी करायचं असतं. सैल लग, म्हणजे वायरच्या टोकाची पकड, हाताला गरम लागतो. तिथे जळणारी वीज तुमच्या बॅटरीतलीच आहे.

एकाच बॅटरीचं पाणी सारखं संपतंय, हे लक्षण असेल तर ती बॅटरी जास्त तापते आहे किंवा तिचा एखादा सेल गेला आहे. नोंद करा, सहाव्या पायरीवर कळेल.

५. मल्टिमीटर: दिवसातून दोनदा

पाच-सातशे रुपयांत साधा डिजिटल मीटर मिळतो. डीसी व्होल्टवर ठेवून दोन वेळा मोजा.

पहिली वेळ, बॅटरी पूर्ण भरल्यावर लोड आणि चार्जिंग दोन्ही बंद करून तीन-चार तास तशीच ठेवली की. प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा, दोन्हींची बेरीज नाही. १२.५ ते १२.७ म्हणजे भरलेली. १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी. ११.८ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्जिंग बंद केल्या-केल्या मोजलेला आकडा फसवतो, वरवरचं व्होल्टेज उतरायला वेळ लागतो.

दुसरी वेळ, स्वच्छ उन्हात दुपारी एकला, घरातला लोड बंद करून, मीटरचे काटे थेट बॅटरीच्या शिशावर टेकवून. डिस्प्लेचा आकडा पुरत नाही, मधल्या वायरची तूट त्यात कळत नाही. इथे दोन्ही बॅटऱ्यांचं मिळून २८.८ च्या आसपास दिसलं पाहिजे, निदान तासभर. २७ वर अडकलं असेल तर तुमची बॅटरी कधी भरतच नाही, दिवा काहीही म्हणो.

मग ३०० वॅटचा लोड लावा, पंधरा मिनिटं थांबा, आणि दोन्ही बॅटऱ्या पुन्हा वेगवेगळ्या मोजा. दोघींत तीन-चार दशांशांहून जास्त फरक पडला तर कमी दाखवणारी कमजोर आहे.

६. हायड्रोमीटर. हा खोटं बोलत नाही

काचेची नळी आणि रबरी फुगा, दीड-दोनशे रुपये. ॲसिडची घनता, ज्याला आम्ही ग्रॅव्हिटी म्हणतो, ती सेलागणिक मोजायची. पाणी घातल्यावर लगेच मोजू नका, एक पूर्ण चार्ज होऊ द्या. बारा सेल, बारा आकडे, कागदावर ओळीने.

इथल्या ट्यूब्युलर बॅटऱ्यांत भरलेला सेल बहुधा १.२२० ते १.२५० दाखवतो. तुमचा नेमका आकडा बॅटरीवर किंवा कार्डावर छापलेला असतो. वाचायचं असं:

सगळे सेल सारखेच कमी, उदाहरणार्थ सगळे १.१७० ते १.१८०: बॅटरी अर्धपोटी आहे. आशा आहे, सातव्या-आठव्या पायरीवर जा.

अकरा सेल १.२३५ आणि एकच १.१८०: तो सेल कमजोर. सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्यांचा बॅकअप त्या एकावर ठरतो. इक्वलायझेशन, म्हणजे थोडा वेळ मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्जिंग, करून बघा (सातव्या पायरीत आहे). तरी वर आला नाही तर ती बॅटरी गेली.

सगळे चांगले, तरी बॅकअप नाही: पुन्हा पहिल्या पायरीवर जा, किंवा प्लेटांचं मटेरियल झडून तळाशी बसलं आहे. नळीत ओढलेलं ॲसिड तपकिरी-गढूळ दिसलं तर हेच. याला उपाय नाही.

दोघींतली एकच बॅटरी गेली असेल तर ‘एकच बदलू, एक राहू दे’ असा मोह होतो. माझा स्पष्ट सल्ला, जोडी वर्षाहून जुनी असेल तर तसं करू नका. जुनी आधी भरल्यासारखी होते आणि उकळत राहते, नवी उपाशी राहते, आणि वर्षभरात नवीही जुनीसारखी होते. ‘नवीन टाकली, पुन्हा तेच’ याचं हे नेहमीचं कारण.

७. इन्व्हर्टरला बॅटरीचा प्रकार बरोबर सांगितलाय का?

सेटिंगमध्ये ट्यूब्युलर, एसएमएफ (सीलबंद, पाणी न घालायची) किंवा जेल, लिथियम असे पर्याय असतात. ट्यूब्युलर बॅटरी लावून सेटिंग एसएमएफवर राहिलं की बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये चार्जिंग व्होल्टेज कमी धरलं जातं, आणि अर्धपोटी राहण्याची सुरुवात तिथूनच होते. बटण फिरवा, दोन आठवडे थांबा, ग्रॅव्हिटी पुन्हा मोजा.

तुमच्या इन्व्हर्टरमध्ये इक्वलायझेशन असेल तर ते फक्त पाण्याच्या बॅटरीला करा. व्होल्टेज ३० ते ३१ पर्यंत जातं, दोन-तीन तास. सेलमध्ये बुडबुडे येतात, त्याने तळाचं दाट ॲसिड वर मिसळतं आणि कोवळं सल्फेट सुटतं. आधी पाणी बघा, खिडक्या उघडा, थेट बॅटरीवर चालणारी डीसी उपकरणं काढा. बॅटरी हाताला चटका बसण्याइतकी तापली तर लगेच थांबवा. सीलबंद, जेल किंवा लिथियमला हे कधीही करू नका.

बॅटरी ठेवलीय कुठे तेही इथेच बघा. पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिलमध्ये पंचेचाळीस अंश सहज होतात. पंचवीसच्या वर दर दहा अंशाला लेड-ॲसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं. जांभ्याच्या भिंतीची हवेशीर पडवी ही तिला सर्वांत चांगली जागा.

८. पॅनेल, कंट्रोलर आणि वायर यांचं जमतंय का?

इथे थोडं गणित आहे, आणि अनेकदा दुरुस्तीला माणूस लागतो. पण चूक ओळखता आली तर कुणी उगाच बॅटरी विकणार नाही.

खेडच्या पुढे एका वाडीत एका काकूंकडे पावणेदोन वर्षांत दोन जोड्या बदलून झाल्या होत्या. तिसरीही बसत आली होती. पॅनेल स्वच्छ, सावली नाही, पाणी बरोबर, काकू स्वतः वहीत तारखा लिहून ठेवणाऱ्या. एप्रिलची भर दुपार. बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावला, २६.६. दहा मिनिटं बघत राहिलो, २६.६. छपरावर चढून पॅनेलमागचं लेबल वाचलं: ३२५ वॅट, साठ सेलचं, जास्तीत जास्त पॉवरला ३१ व्होल्ट. अशी दोन, समांतर जोडलेली. खाली कंट्रोलर पीडब्ल्यूएम.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला थेट बॅटरीला जोडतो, व्होल्टेज बदलून देत नाही. लेबलवरचे ३१ व्होल्ट सेल २५ अंशाला असतानाचे. आमच्या उन्हात सेल साठ-पासष्टला पोचतात आणि व्होल्टेज चौदा-पंधरा टक्क्यांनी पडतं. उरतात साडेसव्वीस. बॅटरीला हवेत २८.८. म्हणजे त्या घरात बॅटरी पहिल्या दिवसापासून एकदाही भरली नव्हती. जितकं ऊन कडक, तितकी ती उपाशी. काकू म्हणाल्या, ‘म्हणजे तिन्ही जोड्यांत खोट नव्हती?’ नव्हती.

एमपीपीटी कंट्रोलर बसवला आणि पॅनेलं एकामागे एक जोडली. ६२ व्होल्ट आत, २८.८ बाहेर, आणि कमी झालेल्या व्होल्टेजच्या बदल्यात वाढलेला करंट. तीन इक्वलायझेशनं आणि महिनाभर ऊन, त्यानंतर ग्रॅव्हिटी १.१७५ वरून १.२३५ वर आली. दुसऱ्या बॅटरीचा एक सेल १.१९० च्या वर आलाच नाही. ती जोडी नव्याइतकी झाली नाही, पण लाइट गेली तर दोन पंखे आणि दिवे पाच तास चालतात. चौथी जोडी घ्यावी लागली नाही.

उलटी चूकही दिसते. आजची ५४० वॅटची पॅनेलं ४१ व्होल्ट आणि १३ अँपिअरची असतात. ती २४ व्होल्टच्या पीडब्ल्यूएमवर लावली तर करंट १३ च राहतो, व्होल्टेज मात्र २७ ला बांधलं जातं: ३५० वॅट. बाकीचे १९० तुम्ही विकत घेतलेत आणि ते कधीच मिळत नाहीत.

वायरचंही असंच. ४ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ४.६ मिलिओहम असतो. गोठ्यावरचं पॅनेल घरापासून २० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर, आणि १० अँपिअरला पावणेदोन ते दोन व्होल्ट वाटेतच जातात. १२ व्होल्टच्या सिस्टीमला एवढी तूट परवडत नाही. ओळखायची रीत सोपी: भर उन्हात पॅनेलच्या टोकाला आणि कंट्रोलरच्या टोकाला व्होल्टेज मोजा, फरक पाच टक्क्यांहून जास्त असेल तर जाड वायर टाका.

लिथियम असेल तर

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला पाणी नाही, ग्रॅव्हिटी नाही, आणि अर्धवट राहिल्याने तिचं काही बिघडत नाही. तिचं व्होल्टेज जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे मीटरवरून किती भरली ते कळत नाही. ‘४० टक्के दाखवते आणि अचानक बंद पडते’ ही तक्रार असेल तर बहुधा आतल्या बीएमएसचा, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटचा, हिशेब चुकलेला असतो. महिन्यातून एकदा-दोनदा शंभर टक्के भरून तासभर तशीच धरून ठेवा, सेल समान होतात आणि हिशेब जागेवर येतो. इन्व्हर्टर लिथियमच्या सेटिंगवर आहे याची खात्री करा. यापलीकडे घरी काही करू नका, पेटी उघडू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

बॅटरी फुगली, तडकली किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला: चार्जिंग बंद करा, दारं-खिडक्या उघडा, त्यानंतर तिथे दुसरं एकही बटण चालू-बंद करत बसू नका, बाहेर या. लिथियमची पेटी फुगली किंवा गोडसर-तिखट वास आला तरी हेच.

सिस्टीम ४८ व्होल्ट किंवा वरची असेल, किंवा छपरावर तीन-चारहून जास्त पॅनेलं एकामागे एक असतील तर आठवी पायरी स्वतः करू नका. तिथे शंभर ते सहाशे व्होल्ट डीसी असतो, आणि ऊन असेपर्यंत त्याला बंद करायचं बटण नाही. पॅनेलचे कनेक्टर करंट वाहत असताना ओढले तर जी ठिणगी पडते ती एसी करंटच्या ठिणगीसारखी आपोआप विझत नाही.

इन्व्हर्टरचं झाकण, वितळलेली वायर, पुराचं पाणी लागलेली बॅटरी, वीज पडल्यानंतर बंद पडलेली सिस्टीम, अर्थिंगचा संशय: यातलं काहीही असलं तर मीटरसुद्धा लावू नका. डोळ्यात ॲसिड उडालं तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवत राहा आणि तसेच दवाखान्यात जा.

माणूस बोलवाल तेव्हा त्याच्यासाठी एक कागद तयार ठेवा. बारा सेलच्या ग्रॅव्हिट्या. विसावलेल्या दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज. भर दुपारी एकचं व्होल्टेज. पॅनेलमागच्या लेबलचा फोटो, कंट्रोलरवर काय लिहिलंय त्याचा फोटो. पाणी शेवटचं कधी घातलं आणि किती. तो कागद न बघताच कुणी ‘बॅटरी बदला’ म्हणाला तर दुसरा माणूस शोधा. आणि खरेदीचं बिल, वॉरंटीचं कार्ड त्याच कागदाला टाचून ठेवा, बॅटरी बदलून मागायला गेलात की दुकानात आधी तारीख आणि मग ग्रॅव्हिटीच विचारतात.